कळलावी आणि सेहेचाळीस

श्रावण-भाद्रपदात राजूरच्या गणपतीला पायी निघालेल्या भाविकाला वाटेतल्या एखाद्या कुंपणावर कळलावी फुललेली दिसलीच, तर तो ती दुरूनच पाहील. ज्वाळेसारखे पिवळे-तांबडे फूल आणि विषारी कंद. संस्कृतात म्हणूनच ती अग्निशिखा. तिच्या कंदात आणि बियांत कोल्चिसीन असते. युरोपात हेच द्रव्य दुसऱ्या एका फुलझाडातून मिळे, आणि माणसाच्या पेशीतील गुणसूत्रांची संख्या अखेर ठरली ती त्याच्या साहाय्याने.

१९२३ साली पेंटर यांनी ती संख्या ४८ सांगितली व पुढे तीसएक वर्षे तीच पाठ्यपुस्तकांत राहिली. मोजणाऱ्यांना उत्तर आधीच ठाऊक होते, असे आम्हांस वाटते. १९५२ मध्ये सू यांनी सौम्य क्षारद्रावणाने पेशी फुगवून गुणसूत्रे सुटी केली, तरी त्यांनीही ४८च मोजली! डिसेंबर १९५५ मध्ये स्वीडनमधील लुंड येथे त्जिओ व लेवान यांनी या युक्तीला कोल्चिसीनची जोड दिली. १९५६ साली आकडा प्रसिद्ध झाला तो ४६. तीनच वर्षांनी लेज्यून व सहकाऱ्यांनी डाऊन सिंड्रोम असलेल्या मुलांत ४७ दाखवली.

मग पेशी हा हिशेब राखते कसा? ती मोजत नाही. गुणसूत्रांना दोन बाजूंनी ओढणारे तंतू कोल्चिसीन तयारच होऊ देत नाही, आणि तेव्हा पेशी विभाजनाच्या उंबरठ्यावर थबकते. १९९१ मध्ये यीस्टमध्ये अशी जनुके सापडली की जी बिघडल्यास पेशी थांबतच नाही. १९९५ साली रीडर यांच्या गटाने तंतूंना न जोडलेले शेवटचे टोक लेसरने नष्ट केले; त्यानंतर पेशी विभागली. म्हणजे 'थांबा' हा पुकारा मागे राहिलेल्याचाच. अंगारकीला आलेल्या गावकऱ्यांचा जथा एकजण सापडेना म्हणून परतीला निघत नाही, तसेच हे. पुकारा थांबला की एक विकर गुणसूत्रांच्या जोड्यांभोवतीची प्रथिनांची कडी तोडते.

स्त्रीबीजात मात्र ही कडी तिच्या स्वतःच्या जन्माआधीच बसवलेली असतात आणि त्यांना काही दशके टिकावे लागते. वयानुसार ती ढिली होतात, पुकाराही तिथे तितका कडक नसतो. सुरुवातीच्या महिन्यांतील सुमारे निम्म्या गर्भपातांमागे गुणसूत्रांची चुकलेली संख्या असते. आमच्याकडे अशा वेळी सुनेने काय खाल्ले, कोणते ओझे उचलले, ग्रहणात बाहेर कशी गेली, याचीच चौकशी अजून होते.