अँथनीचा पाव

मुंबईत मंगळवार गणपतीचा, हे प्रभादेवीला त्याच्या देवळाबाहेरची रांग पाहिली की कळतं. शीवला तोच मंगळवार संत अँथनीचा. तिथल्या 'अवर लेडी ऑफ गुड कौन्सेल' चर्चमध्ये त्याचं तीर्थस्थान आहे. शीव कोळीवाडा, धारावी, अँटॉप हिल सगळं आसपासच. हरवलेलं सापडू दे, अडलेलं सुटू दे, असे नवस अँथनीला बोलतात. ते फेडायचे मात्र गरिबाच्या पोटात. त्यासाठी अँथनीच्या देवळांतून 'सेंट अँथनीज ब्रेड'ची दानपेटी असते, आणि 13 जूनला, त्याच्या सणाला, बऱ्याच ठिकाणी आशीर्वाद दिलेले पाव वाटतात.

या पावाची मुळं इटलीतल्या पादुआ शहरात आहेत. अँथनी मूळचा लिस्बनचा, फ्रान्सिस्कन पंथाचा साधू. शुक्रवारी, 13 जून 1231 रोजी तो वारला आणि मंगळवारी त्याचं दफन झालं. म्हणून वार मंगळवार. पुढच्याच वर्षी त्याला संतपद मिळालं. पादुआत त्याचं भव्य देऊळ उठत होतं, त्या दिवसांतली आख्यायिका अशी: शेजारच्या घरात तोमासिनो नावाचं तान्हं पोर पाण्याच्या भांड्यात बुडालं. आई धाय मोकलून रडली आणि बोलली, माझं लेकरू उठलं तर त्याच्या वजनाइतकं धान्य गरिबांना वाटीन. लेकरू उठलं. आपल्याकडच्या तुळादानाशी ओळख असलेल्या कुणालाही ही आई परकी वाटणार नाही. पोराच्या भारंभार धान्य देण्याची चाल पडली ती तेव्हापासून, असं सांगतात.

पण आज आपण पाहतो ती पेटी बरीच अलीकडची, आणि ती एका दुकानदार बाईची देणगी आहे. 1890 साली फ्रान्समधल्या तुलाँ बंदरात लुईझ बुफिएच्या दुकानाचं कुलूप काही केल्या उघडेना. कुलूपवाला दार फोडायच्या बेताला आला. तिनं अँथनीला सांगितलं, न फोडता दार उघडलं तर तुझ्या गरिबांना पाव देईन. पुढच्याच किल्लीनं दार उघडलं, असं तिनं लिहून ठेवलं आहे. मैत्रिणींनीही तसेच नवस केले. दुकानाच्या मागच्या खोलीत अँथनीची मूर्ती आली, मग पेटी आली, आणि दर्यावर्दींपासून सैनिकांपर्यंत माणसं तिथं येऊ लागली. काही वर्षांतच ही चाल जगभरच्या कॅथलिक देवळांत पोचली.

मुंबईला अँथनी नवा नव्हता. पोर्तुगीजांचा तो लाडका संत, आणि माहीम-दादरकडची जुनी देवळं उभारणारे फ्रान्सिस्कन तर त्याचेच पंथबंधू. दादरचं पोर्तुगीज चर्च त्यांनी 1596 मध्ये बांधलं.

मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या 25 व्या अध्यायात येशू भुकेल्याला घातलेला घास स्वतःला घातलेला मानतो. अँथनीचा पाव म्हणजे याच वचनाचा रोजच्या व्यवहारातला अर्थ, असं मला मनापासून वाटतं. संतानं नवस ऐकला, तर त्याचं देणं संताला पोचतं ते गरिबाच्या हातून. यात सौदा आहे, असं कुणी म्हणेल. असूही दे, त्या सौद्यातून कुणाच्या घरी चूल पेटते.

भुकेल्याला घास देण्याची आणखी एक रीत शेजारीच आहे. फाळणीनंतर शीव कोळीवाड्यात पंजाबी निर्वासितांची वस्ती झाली, आणि तिथं गुरुद्वाराचा लंगर आला. लंगरात देणारा-घेणारा एकाच पंगतीत बसतात. पेटीची रीत वेगळी: टाकणाऱ्याला घेणारा दिसत नाही, घेणाऱ्याला टाकणारा कळत नाही. मदत रेशनची असो, औषधाची असो की पोराच्या फीची, कुणापुढं उपकाराच्या ओझ्यानं मान खाली घालावी लागत नाही. मला तुलाँच्या त्या दुकानदार बाईचं मोठेपण यातच दिसतं. आणि सणाचा पाव? तो समोर येईल त्याच्या हातावर पडतो, नवस बोललेला असो वा नसो, ख्रिस्ती असो वा नसो.