नामदेव जाधव

नामदेव जाधव (१८ नोव्हेंबर, १९२१ : निमज, संगमनेर तालुका – २ ऑगस्ट, १९८४ : पुणे) हे दुसऱ्या महायुद्धात व्हिक्टोरिया क्रॉस मिळविणारे मराठी सैनिक होते. ‘जंगी पलटण’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या, ५व्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या पहिल्या बटालियनमध्ये ते शिपाई होते.

सेनियो नदीवरील लढाई

एप्रिल १९४५ मध्ये दोस्तराष्ट्रांच्या आठव्या सेनेने उत्तर इटलीत अखेरची चढाई आरंभिली, तेव्हा आठव्या भारतीय डिव्हिजनपुढे सेनियो नदी होती. पात्र अवघे १५ फूट रुंद आणि पाणी ४ ते ५ फूट खोल. आकड्यांवरून तिला ओढाच म्हणावे लागेल. खरा अडसर होता तो तिच्या पूरबांधांचा. जवळजवळ उभ्या चढाचे हे बांध ३५ फुटांपर्यंत उंच होते. जर्मनांनी ते पोखरून आत ठाणी केली होती आणि उतारांवर भूसुरुंग पेरले होते. पूर्वेकडून येणाऱ्या भारतीय सैन्याच्या बाजूच्या बांधाचा आतील उतारही त्यांच्याच हाती असल्याने नदी ओलांडणाऱ्यावर पाठीमागूनही मारा होई.

९ एप्रिलच्या संध्याकाळी सान पोलितोच्या उत्तरेस नेमके तेच घडले. जाधव हे कंपनीचे निरोपे होते. अधिकाऱ्याजवळ राहून निरोप पोहोचविणे एवढेच त्यांचे नेमून दिलेले काम. पाण्यातून चालत कंपनीप्रमुखासह ते पश्चिम तीरावर चढतात न चढतात तोच पूर्वेकडील बांधातील किमान तीन ठाण्यांतून गोळीबार झाला. कंपनीप्रमुख व दोन सैनिक जखमी झाले. उरलेल्यांपैकी एकटे जाधव वाचले.

एका जखमीला त्यांनी पाठीवर घेऊन पाण्यातून, सुरुंगांच्या पट्ट्यातून व तो उभा बांध चढून पलीकडे पोहोचविले. मग परत जाऊन दुसऱ्याला आणले. दोन्ही खेपांना मशीनगन व उखळी तोफांचा मारा चालूच होता. येथे थांबले असते तरी त्यांना कोणी बोल लावला नसता. ते तिसऱ्यांदा बांधावर गेले आणि जवळचे ठाणे टॉमीगनने गप्प केले. हाताला गोळी लागून बंदूक चालविता येईना, तेव्हा ती टाकून त्यांनी हातबॉम्बांनी आणखी दोन ठाणी उद्ध्वस्त केली. बॉम्ब संपले तेव्हा सरपटत बांधाच्या माथ्यावर जाऊन मागच्या सोबत्यांकडून नवे घेतले. शेवटी ते माथ्यावर उघड्यावर उभे राहिले आणि मराठ्यांची युद्धगर्जना करीत खोळंबलेल्या कंपन्यांना पुढे येण्याची खूण करू लागले. त्यामुळे दोन बटालियनांना नदीचे दोन्ही तीर धरून ठेवता आले.

सन्मान

त्याच दिवशी, त्याच नदीवर, त्याच डिव्हिजनमधील शिपाई अली हैदर यांनीही व्हिक्टोरिया क्रॉस मिळविला. जाधवांच्या रेजिमेंटला या युद्धात हा सन्मान दोनदा लाभला. पहिले मानकरी माणगाव तालुक्यातील नाईक यशवंत घाडगे इटलीतच १० जुलै १९४४ रोजी धारातीर्थी पडले होते. जाधव मात्र मायदेशी परतले आणि पुढे हवालदार झाले.