भेर्ली माड

भेर्ली माड (शास्त्रीय नाव: कॅरिओटा युरेन्स) हा ताल कुलातील (ॲरेकेसी) सदाहरित वृक्ष आहे. तो भारत व श्रीलंका येथील दमट वनांत आढळतो. महाराष्ट्रात व गोव्यात सह्याद्रीच्या परिसरात तो नैसर्गिकरीत्या वाढतो. शोभेसाठी उद्यानांत आणि घरालगतच्या बागांतही लावतात. हा माड आयुष्यात एकदाच बहरतो व बहर संपल्यावर मरतो.

नावे
मराठीत यास सुरमाड असेही म्हणतात. शास्त्रीय नाव कार्ल लिनियस यांनी १७५३ साली दिले. ‘युरेन्स’ या लॅटिन शब्दाचा अर्थ ‘दाहक’ असा असून तो फळाच्या गरामुळे होणाऱ्या आगीला उद्देशून आहे.

वर्णन
खोड एकटे, सरळ व राखाडी असते. त्यावर गळलेल्या पानांच्या वलयाकार खुणा दिसतात. उंची साधारणपणे १२ ते २० मीटर भरते. पान दोनदा विभागलेले असते; ताल कुलात अशी रचना केवळ कॅरिओटा वंशात आढळते. पानाची दले माशाच्या शेपटीच्या आकाराची व टोकाशी कुरतडल्यासारखी असतात.

बहर व अखेर
पहिला फुलोरा शेंड्याजवळ येतो आणि त्यानंतरचे फुलोरे क्रमाने खालच्या पेरांवर येतात. ते जटांसारखे लोंबतात. हा क्रम काही वर्षे चालतो. खोडात साठवलेले पिठूळ द्रव्य त्यात खर्ची पडते व सर्वांत खालचा फुलोरा फळल्यानंतर झाड वाळते.

लागवड
रोपे बियांपासून करतात. बी रुजण्यास काही महिने लागू शकतात. कोवळ्या रोपास अर्धवट सावली, निचऱ्याची जमीन व नियमित पाणी मानवते. मुळे दुखावू नयेत म्हणून रोप लहान असतानाच कायमच्या जागी लावावे. वाढीचा कोंब एकच असल्याने शेंडा छाटल्यास झाड मरते. हिरवी पाने तोडू नयेत, पूर्ण वाळलेलीच काढावीत. वाळलेले खोड पुढे कोसळण्याचा संभव असल्याने घर, विहीर व विजेच्या तारा यांपासून पुरेसे अंतर ठेवावे. अखेरच्या बहराच्या काळातच नवे रोप लावल्यास बागेतील माडाची परंपरा खंडित होत नाही. लहान बागेसाठी याच वंशातील, आग्नेय आशियातून आलेली व बेटाने वाढणारी कॅरिओटा मायटिस ही जाती सोयीची ठरते. तिचे एक खोड मेले तरी बाजूचे फुटवे वाढत राहतात.

दक्षता
फळाच्या गरात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. त्यांमुळे त्वचेला खाज सुटते व तोंडाची आग होते. बी सोलताना हातमोजे वापरावेत. फळे मुलांच्या हाती लागू देऊ नयेत. उदमांजर मात्र ही फळे खाते व त्याच्या विष्ठेवाटे बियांचा प्रसार होतो.

उपयोग
फुलोऱ्यास चीर देऊन मिळवलेल्या रसापासून माडी व गूळ करतात. श्रीलंकेत या झाडास ‘कितुल’ म्हणतात व तेथील कितुलचा पाक आणि गूळ प्रसिद्ध आहेत. खोडाच्या गाभ्यापासून साबुदाण्यासारखे पीठ मिळते. पानांच्या देठालगतच्या बळकट धाग्यांचे ब्रश करतात. केरळात पाळीव हत्तींना याची पाने चारा म्हणून घालतात.