महाशिंपला आणि उजेडाचा इतिहास

१/ घरच्या प्रवाळ-टाकीत महाशिंपला आणणारा प्रत्येक जण प्रथम विचारतो, ‘याला खायला काय घालू?’ उत्तर आहे: मुख्यतः उजेड! ते कसे उमगले, याचा हा धागा.

२/ १९२८ साली मॉरिस याँग यांच्या नेतृत्वाखाली ब्रिटिश मोहीम ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरिअर रीफवरील लो आयल्सवर उतरली. शिंपल्याच्या रंगीत प्रावरणात सूक्ष्म शैवाले वसतात. शिंपला ती पिकवून पचवतो, असा निष्कर्ष याँग यांनी काढला.

३/ पुढे मत बदलले. जिवंत शैवालच प्रकाशात अन्न बनवून यजमानाला पुरवते, हे १९६७ मध्ये लेनर्ड मस्कटीन यांच्या प्रयोगांनी दाखवले.

४/ दरम्यान मांसासाठी व कवचांसाठी झालेल्या बेसुमार उपशाने कित्येक प्रवाळखडक रिते झाले. १९८५ पर्यंत सर्व महाशिंपले ‘साइट्स’ करारात आले. त्याच दशकात पॅसिफिकमधील पालाऊच्या उबवणकेंद्राने त्यांची पैदास साधली. हौशी टाकीला समुद्र न लुटता शिंपला मिळण्याची वाट त्यातून खुली झाली.

५/ म्हणून नव्या पाहुण्याला प्रखर दिव्याखाली एकदम ठेवू नये. उजेड हळूहळू वाढवावा. लहान शिंपला चिवट तंतूंनी दगड धरतो. तो ओढून काढल्यास त्याचा पाय फाटतो आणि तो दगावू शकतो.

६/ आपल्याकडे लक्षद्वीप-अंदमानात आढळणारा ट्रिडॅक्ना मॅक्झिमा २००१ पासून वन्यजीव कायद्याने संरक्षित आहे. तो पाहावा तिथेच, त्याच्या उजेडात.