मधे एक महिना होता



व्हिएन्नाला जाणारे बहुतेक जण राजवाडे बघून येतात. आम्ही एक सकाळ तिथल्या सैन्य इतिहास संग्रहालयासाठी ठेवली होती. अहिंसा मानणाऱ्यांनी तोफा-बंदुका कशाला बघायच्या, असं कुणी विचारेल. पण हिंसा सुरू कशी होते, हे तिथे जितकं स्पष्ट दिसलं तितकं मला पुस्तकातून कधी कळलं नव्हतं.

१८४८च्या उठावानंतर बादशहानं शहराबाहेर लाल विटांचं मोठं शस्त्रागार बांधलं. संग्रहालय त्यातच आहे. आत शिरताच सेनापतींचे ५६ संगमरवरी पुतळे दिसतात. मुलगा तोफांकडे धावला. मी थबकले ती एका काळ्या मोटारीपाशी आणि रक्ताचे डाग पडलेल्या निळसर डगल्यापाशी. कपड्यावर डाग दिसला की धुवायला घेणारे आपले हात. पण हा डाग शंभर वर्षांहून जास्त काळ जपून ठेवलाय.

डगला ऑस्ट्रियाचा युवराज फ्रान्झ फर्डिनांड याचा. २८ जून १९१४ला तो पत्नी सोफीसह सारायेवोत होता. सकाळी त्यांच्या ताफ्यावर बॉम्ब पडला. दोघं वाचले, बरोबरचे काही जण जखमी झाले. पुढे त्याच जखमींना भेटायला इस्पितळात जायचं ठरलं. वाटेत चालक चुकीच्या रस्त्याला वळला, गाडी थांबली, आणि समोर १९ वर्षांचा गावरिलो प्रिन्सिप उभा होता. त्यानं दोन गोळ्या झाडल्या. सोफीला लागलेली गोळी गाडीच्या पत्र्यातून आरपार गेली. ते भोक आजही दिसतं. तीन मुलं एका दिवसात पोरकी झाली.

दुःख खरं होतं, राग येणंही समजण्यासारखं होतं. पण मला खटकली ती पुढची तारीख. ऑस्ट्रियानं सर्बियाविरुद्ध युद्ध पुकारलं २८ जुलैला. म्हणजे मधे बरोबर एक महिना होता! २३ जुलैला सर्बियाला अटी पाठवल्या आणि उत्तराला फक्त ४८ तास दिले. सर्बियानं बऱ्याच अटी मान्य केल्या, तरी भागलं नाही. ८३ वर्षांच्या बादशहानं सही केली.

आपल्याकडे रोजचं प्रतिक्रमण आहे, पंधरवड्याचं आहे, चौमासी आहे, संवत्सरी आहे. राग येणारच, हे धरूनच ही व्यवस्था आहे. तो मुरू नये म्हणून दर थोड्या दिवसांनी थांबून मागे बघायचं. त्या महिन्यात व्हिएन्नाच्या दरबारात राग मुरवण्याचंच काम चाललं होतं. जाऊबाईशी महिनाभर अबोला धरला की काय होतं ते आपल्याला ठाऊक आहे. इथे अबोला धरणाऱ्यांच्या हाती फौजा होत्या.

त्या युद्धात ९० लाखांहून जास्त सैनिक मेले. त्यांत ७४ हजारांच्या आसपास आपल्या हिंदुस्थानातले. पुण्याच्या नावाची सहावी डिव्हिजन इराकमध्ये कुत इथे वेढ्यात अडकली, अन्नावाचून खंगली आणि एप्रिल १९१६मध्ये शरण गेली. तिच्यात मराठा पलटणीही होत्या. त्यांच्या घरच्यांनी सारायेवोचं नावही ऐकलं नसेल.

याच व्हिएन्नात बेर्टा फॉन सुटनर राहत होती. 'शस्त्रं खाली ठेवा' अशा अर्थाचं नाव असलेली तिची कादंबरी १८८९मध्ये आली. युद्धात घर उद्ध्वस्त झालेल्या बाईची ती गोष्ट. १९०५मध्ये तिला शांततेचं नोबेल मिळालं, आणि हे पारितोषिक मिळवणारी ती पहिली स्त्री. १९१४मध्ये व्हिएन्नात शांतता परिषद भरवायची तयारी चालली होती. २१ जून १९१४ला ती वारली. आठवड्यानं सारायेवोत गोळ्या सुटल्या, आणि परिषद राहूनच गेली.

आज ऑस्ट्रियाच्या दोन युरोच्या नाण्यावर तिचा चेहरा आहे. आपल्यापैकी कुणी तिकडे गेलं तर ते नाणं हातात घेऊन नीट बघा. मुलं बरोबर असतील तर त्यांना मोटार दाखवाच, पण दोन्ही तारखाही सांगा : २८ जून आणि २८ जुलै.