मानिक चौकातली सावली : सिद्धांतग्रंथांतून विज्ञान शिकवण्याचा सिहोरचा प्रयोग

झाशीच्या जुन्या शहरातल्या मानिक चौकात वसंतसंपाताच्या दिवशी ऐन माध्यान्ही बारा अंगुळांचा शंकू, म्हणजे एक सरळ काठी, उभा केला तर त्याची सावली साधारण ५.७ अंगुळे पडते. उज्जैनला हीच सावली सुमारे ५.१ अंगुळे भरते. जुने जोशी तिला 'पलभा' म्हणत आणि तिच्यावरून गावाचे अक्षांश काढत. शिवाय झाशी उज्जैनच्या पूर्वेला असल्यामुळे तिथला माध्यान्ह सुमारे ११ मिनिटे, म्हणजे २८ पळे, आधी होतो. उज्जैनच्या रेखेवरचे गणित झाशीला लावायचे तर हा 'देशांतर संस्कार' करावाच लागे. सिद्धांतकारांनी ही दोन्ही गणिते पृथ्वी गोल मानूनच बांधली आहेत. म्हणजे पंचांग पाहून सण-मुहूर्त ठरवणारा माणूस, त्याला माहीत असो वा नसो, गोल पृथ्वीवर विसंबून होता.

नेमका हाच धागा झाशीच्या नैर्ऋत्येला, भोपाळजवळच्या सिहोर येथे लॅन्सलॉट विल्किन्सन या अधिकाऱ्याने पकडला. तो कंपनी सरकारचा भोपाळ दरबारातला पोलिटिकल एजंट होता. कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात १८३४ मध्ये त्याने एक लेख लिहिला. सिद्धांतग्रंथ हे एतद्देशीयांच्या शिक्षणाचे साधन व्हावेत, असे त्याचे म्हणणे होते. पुराणांतली पृथ्वी सपाट, मध्ये मेरू पर्वत, भोवती सात द्वीपे आणि सात समुद्र. कोपर्निकसची पृथ्वी सूर्याभोवती फिरणारी. या दोहोंच्या मधली पायरी सिद्धांतांत तयार होती : पृथ्वी गोल आहे, आधाराशिवाय अंतराळात आहे, ग्रहणे छायेमुळे होतात. एवढे शास्त्र्यांच्याच ग्रंथांतून पटले की पुढचे पाऊल लहान उरते.

येथे भास्कराचार्यांची (जन्म १११४) रीत बारकाईने पाहण्याजोगी आहे. 'सिद्धांतशिरोमणी'च्या गोलाध्यायात ते सपाट पृथ्वी मानणाऱ्याला विचारतात : पृथ्वी आरशासारखी सपाट असेल, तर तिच्यावर उंच फिरणारा सूर्य दूर गेल्यावरही आपल्याला का दिसत नाही? मग ती डोळ्यांना सपाट का भासते? परिघाचा शंभरावा भाग सपाटच दिसतो आणि माणूस तर फारच लहान. परिघ मोजायचा कसा, हेही ते सांगतात. विषुववृत्तापासून उज्जैन परिघाच्या सोळाव्या हिश्शावर आहे. तेवढे अंतर योजनांत मोजा आणि सोळाने गुणा. त्यांनी दिलेला परिघ ४९६७ योजने आहे. वर्गात शिकवता येईल अशी गोष्ट ही आहे : प्रश्न, प्रतिपक्ष, मोजणी. (भास्कराचार्यांनी पृथ्वीच्या आकर्षणशक्तीचाही उल्लेख केला आहे, पण त्यावरून न्यूटनचा नियम आधीच सापडला होता असे उत्तरपत्रिकेत लिहू नये. नियम आणि उल्लेख यांत फरक आहे.)

विल्किन्सनचे मुख्य सहकारी सुबाजी बापू हे मराठी ज्योतिषी होते. त्यांनी १८३६ मध्ये मराठीत 'सिद्धांतशिरोमणिप्रकाश' लिहिला. त्यात पुराणे, सिद्धांत आणि कोपर्निकस या तिघांची मते शेजारी-शेजारी मांडून तपासली आहेत. वाद उठणे साहजिकच होते. पुण्याकडील यज्ञेश्वर रोडे यांनी संस्कृतात 'ज्योतिःपुराणविरोधमर्दन' लिहून ज्योतिष आणि पुराणे यांत विरोध नाहीच, अशी बाजू घेतली. परंपरेतूनच विज्ञान शिकवा म्हटले की कोणती परंपरा, हा प्रश्न लगेच उभा राहतो. १८३६ मध्येही तो टळला नाही.

याच सुमारास कलकत्त्यात वारे उलट दिशेने वाहत होते. २ फेब्रुवारी १८३५ च्या टिपणात मेकॉलेने काकवीच्या आणि लोण्याच्या समुद्रांची थट्टा केली. त्याला जी भूगोलविद्या हास्यास्पद वाटली ती पौराणिक होती; गोलाध्याय शिकवणाऱ्या सिहोरला ती टीका लागूच पडत नव्हती. पण सरकारचे धोरण इंग्रजी शिक्षणाकडे वळले. १८४१ मध्ये विल्किन्सनचा मृत्यू झाला आणि प्रयोगाचा आधारच गेला. माझ्या मते एका अधिकाऱ्याच्या उत्साहावर उभे असणे हा या प्रयोगाचा एक दोष होता. दुसरा दोष याहून खोल होता. ही परंपरा संस्कृत जाणणाऱ्या, बहुतांशी ब्राह्मण मुलांचीच होती. कुणब्याच्या किंवा कोष्ट्याच्या मुलाच्या घरातले ज्ञान या आराखड्यात कुठेच नव्हते.

तरीही हाती काही लागलेच. नागपुरात लीलावती आणि बीजगणित शिकत असलेल्या नृसिंह परांजपे या मराठी मुलाला विल्किन्सनने १८३८ मध्ये सिहोरला नेले. हेच पुढे बनारस संस्कृत कॉलेजात अध्यापक झालेले बापूदेव शास्त्री. तिथे त्यांनी भारतीय गणिताबरोबर पाश्चात्त्य गणितही शिकवले आणि बीजगणितावर हिंदीत पाठ्यपुस्तक लिहिले. ग्रहाच्या 'तात्कालिक गती'चे भास्कराचार्यांचे गणित आधुनिक कलनाच्या किती जवळ जाते, यावर १८५८ मध्ये त्यांनी लेख लिहिला. १८६१ मध्ये कलकत्त्याहून एक ग्रंथ निघाला. त्यात बापूदेवांनी केलेले सूर्यसिद्धांताचे इंग्रजी भाषांतर होते आणि सोबत त्यांनीच तपासून दुरुस्त केलेले गोलाध्यायाचे भाषांतर. ते दुसरे भाषांतर वीस वर्षांपूर्वी वारलेल्या विल्किन्सनचे होते.