कमांड लाइनची चीटशीट : व्याकरण, रूपावली आणि वाक्यसंग्रह

पडद्यावरील चित्रांवर बोट ठेवून नव्हे, तर अक्षरे टंकून संगणकाला आज्ञा देण्याची जी पद्धती, तिला कमांड लाइन म्हणतात. शब्दसूची करणे, वारंवारता मोजणे, पाठभेद ताडून पाहणे या कामांसाठी आपल्या विषयाच्या विद्यार्थ्यांना तिचा आश्रय घ्यावा लागतो. आणि त्यांच्या वहीच्या पुठ्ठ्याला आज्ञांच्या नमुन्यांनी दाटलेला एक कागद चिकटविलेला हटकून आढळतो. इंग्रजीत त्यास चीटशीट म्हणतात. मूळचा हा शब्द परीक्षेत लपवून न्यावयाच्या कागदाचा, म्हणजे आपल्याकडील ‘कॉपी’चा, आता त्यातील दूषण पार पुसले गेले आहे. हा कागद म्हणजे मोठ्या मॅन्युअलचा संक्षेप, असा सर्वसाधारण समज आहे. त्याचा इतिहास पाहता तो समज टिकत नाही.

या कागदाचा एक पूर्वज युनिक्सच्याही आधीचा आहे. आय. बी. एम. कंपनीने १९६४ साली जाहीर केलेल्या सिस्टिम ३६० या संगणकमालेसाठी खिशात मावेल असे घडीचे एक हिरवे पत्रक निघाले. यंत्राच्या आज्ञांची नावे, त्यांचे अंक आणि वर्णांचे संकेतांक यांची कोष्टके त्यात होती. रंगावरून त्यास ‘ग्रीन कार्ड’ हेच नाव पडले; पुढील सिस्टिम ३७० चे पत्रक पिवळे होते. या पत्रकाचे साम्य शोधावयाचे तर ते शब्दरूपावलीशी आहे. तृतीया कोठे योजावयाची हे रूपावली पाहणाऱ्यास आधीच ठाऊक असते. त्याच्या स्मरणातून निसटते ते केवळ रूप. ग्रीन कार्डाचा वाचकही असाच जाणता होता.

युनिक्सचे मॅन्युअल मात्र व्याकरण होते. न्यू जर्सीतील मरे हिल येथे बेल प्रयोगशाळेत केन टॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी १९६९ पासून ही प्रणाली घडविली, आणि डग मॅकिलरॉय यांच्या आग्रहामुळे तिचे पहिले मॅन्युअल ३ नोव्हेंबर १९७१ या तारखेने निघाले. आज्ञांची नावे एल-एस, सी-पी, एम-व्ही अशी दोन-दोन अक्षरांची होती. त्या काळचे टेलिटाइप यंत्र सेकंदाला दहा अक्षरे छापी, हे लक्षात घेतले म्हणजे या लाघवाचे नवल वाटत नाही. प्रत्येक पृष्ठावर नाव, त्याखाली आज्ञेची रचना, मग विवरण आणि शेवटी ‘दोष’ असा स्वतंत्र मथळा असे. रचना सांगताना वैकल्पिक अंगाभोवती चौकोनी कंस आणि पुनरावृत्तीसाठी टिंबे योजली जात.

ही लेखनपद्धती १९६० च्या अल्गोल-अहवालातील बॅकसच्या व्याकरणलेखनाच्या जवळची आहे. त्या लेखनास ‘पाणिनि-बॅकस’ असे नाव द्यावे, अशी सूचना पीटर इंगरमन यांनी १९६७ साली केली होती. आपल्याकडे ती अभिमानाने सांगितली जाते. परंतु बॅकसचे नियम संदर्भनिरपेक्ष आहेत आणि पाणिनीची सूत्रे संदर्भ व क्रम पाहून लागू होतात, हेही त्याबरोबर सांगावयास हवे.

रचनेची ती एक ओळ काय काय म्हणता येईल ते सारे सांगते. लोक नेहमी काय म्हणतात, याविषयी ती मूक असते.

शिवाय या भाषेत अपवाद फार. ‘डी-डी’ या आज्ञेची मांडणी आय. बी. एम.च्या कार्यनियंत्रण-भाषेच्या वळणाची आहे. परक्या बोलीतील उसना शब्द आपला प्रत्यय सोडीत नाही, तसा हा प्रकार. ‘टार’ ही आज्ञा १९७९ च्या सातव्या आवृत्तीतील. तिची विकल्पाक्षरे आजही आडव्या रेघेवाचून लिहिली जातात, आणि इतरत्र ती रेघ वगळल्यास बहुधा चूक होते. ‘पी-एस’ या आज्ञेत तर बर्कली आणि बेल अशा दोन बोली शेजारी नांदतात. मराठीत जाणे या धातूचे भूतकाळी ‘गेला’ होते, आणि रोजच्या वापरातील म्हणूनच ते रूप टिकून राहते. ‘टार’चेही तसेच झाले आहे. चीटशीटचा बराचसा मजकूर या अनियमित रूपांचा असतो. भाषा नियमित असती तर कागद कोरा राहिला असता, असे म्हणावयास हरकत नाही.

डिसेंबर २०१३ मध्ये ‘टी-एल-डी-आर’ नावाचा सामुदायिक संग्रह सुरू झाला. ‘फार लांब, वाचले नाही’ अशा अर्थाच्या इंग्रजी शब्दांची ही आद्याक्षरे. येथे एका आज्ञेस एक पान, पानावर आठापेक्षा अधिक नमुने नाहीत आणि वाचकाने स्वतः भरावयाची जागा दुहेरी महिरपी कंसात, असा दंडक आहे. हिंदी, बंगाली, तमिळ या भाषांतही त्याची पाने झाली आहेत. ही रूपावली नव्हे. परमुलखात निघालेल्या प्रवाशाच्या हाती देतात तो वाक्यसंग्रह होय. जाणत्याच्या स्मरणास मदत करणारा कागद अजाणत्याचे बोलणे चालवू लागला, हा या इतिहासातील खरा पालट. त्यात ‘दोष’ हा मथळा गळाला.

त्याचा परिणाम प्रस्तुत लेखकाने जवळून पाहिला आहे. बोलीच्या नमुन्यांतील शब्दांची वारंवारता काढणाऱ्या एका विद्यार्थ्याच्या कागदावर तीन आज्ञांची साखळी होती : प्रथम ‘सॉर्ट’ने ओळी क्रमाने लावणे, मग ‘युनिक’ने सारख्या ओळी एकत्र करून मोजणे, शेवटी संख्येनुसार पुन्हा ‘सॉर्ट’. क्रम शेवटी लागणारच आहे, तर आरंभी कशास, या विचाराने त्याने पहिली आज्ञा गाळली. परंतु ‘युनिक’ला केवळ लगतची मागील ओळ आठवते, सारखे शब्द शेजारी नसले तर ते त्यास निराळेच वाटतात. ‘आणि’ हा शब्द यादीत अनेक ठिकाणी, प्रत्येक वेळी लहानशा संख्येने आला. चर्चासत्रात ते कोणाच्या तरी ध्यानात आले, तोवर ते आकडे प्रबंधाच्या कच्च्या प्रकरणात जाऊन बसले होते. मूळ संग्रहाच्या पानावर ही अट एका ओळीत दिलेली आहे. हस्तलिखिताची नक्कल करणारा लेखक समासातील टीप गाळतो, तशी ती उतरवून घेताना गळली.

दुसरी चूक कोणत्याच कागदावर सापडली नसती. केवळ संकेतांकांच्या क्रमाने शब्द लावले तर ‘ळ’ हा ‘ल’ आणि ‘व’ यांच्या मध्ये येतो. मराठी वर्णमालेत त्याचे स्थान ‘ह’नंतर आहे. वाक्यसंग्रह करणाऱ्यास ‘ळ’ ठाऊकच नसेल, तर त्याने ही सूचना कोठून द्यावी?

आमच्या विभागाच्या भिंतीवरील कागदावर आता नमुन्यांखाली या दोन सूचना शाईने लिहिल्या आहेत. ‘ऱ्या’तील ‘ऱ’ हा कोणी एका संकेतांकाने टंकतो, तर कोणी ‘र’ला नुक्ता जोडून, डोळ्यांस दोन्ही सारखे, ‘युनिक’ला निराळे. त्याविषयीची तिसरी ओळ लिहावयाची राहिली आहे.